‘तो बघत बसेल’ : वाईतल्या उन्हाळी शिबिराच्या नोंदी

सोमवार, २२ एप्रिल २०२४

मुख्याध्यापकांनी आज होकार दिला. तीन खोल्या, पुढचा व्हरांडा आणि मैदान. अट एकच: ७ मेला लोकसभेचं मतदान, शाळेत केंद्र, म्हणून ८ तारखेपर्यंत एक खिळाही ठोकायचा नाही. शिबिर १३ ते २४ मे, सकाळी साडेसात ते अकरा. मे महिन्यात अकरानंतर या मैदानावर अनवाणी पाय टेकवत नाही.

मुलं तीस. त्यातली चौदा दिव्यांग, सोळा याच आळ्यांमधली इतर. हा आकडा मी भांडून ठरवला. तीस मुलांत दोन-तीनच दिव्यांग असली की ती पाहुणी होतात. सगळे त्यांच्याशी गोड बोलतात आणि खेळ सुरू झाला की त्यांना सावलीत खुर्ची देतात. निम्म्याच्या आसपास असली की खेळच बदलावा लागतो. मला तेच हवंय.

बुधवार, १ मे

झेंडावंदन आटोपून उरलेली चार घरं केली. आता सगळी चौदा घरं झाली.

फॉर्म मी यंदा नव्याने लिहिला. पहिला प्रश्न: काय केलं की तुमचं मूल हसतं? दुसरा: ते ‘हो’ कसं म्हणतं, ‘नाही’ कसं म्हणतं? आजार, औषधं, झटके, शी-शूची सवय, हे सगळं त्यानंतर. दिव्यांग प्रमाणपत्रावर टक्के असतात. चाळीसच्या वर की खाली, यावर सवलती ठरतात. पण सत्तर टक्केवाल्या मुलाला तहान लागली तर ते कसं सांगतं, हे त्या कागदावर कुठेच नसतं. ते आईला माहीत असतं, आणि बहुतेक वेळा आजीला जास्त.

चौदापैकी नऊ घरांत एकच वाक्य ऐकलं. ‘बाई, त्याला काही करायला लावू नका. तो बघत बसेल.’ एका आईने तर पोराची बसायची सतरंजीही काढून ठेवली होती. त्या वाक्यात भीती आहे. मूल जड वाटलं तर उद्यापासून आणू नका म्हणतील, ही भीती. म्हणून आईबापच आधी त्याचा वाटा कमी करून मागतात. प्रत्येक घरी मी सांगितलं, बघत बसायला नाही, खेळायला आणा. कुणाचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

मुलांची नावं या वहीत लिहिणार नाही. बिल्ल्यासाठी प्रत्येकाने रानमेव्यातलं एक नाव निवडलंय, तेच वापरते. करवंद (दहा वर्षं, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी, चाकाची खुर्ची, बोलणं अस्पष्ट, समज लख्ख). जांभूळ (आठ वर्षं, स्वमग्न, बोलत नाही). तुती (अकरा, ऐकू येत नाही, निवासी शाळेतून सुटीला घरी आलीय). बोर (नऊ, अंध). फणस (बारा, डाऊन सिंड्रोम). कैरी (सात, स्पायना बायफिडा म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला). पेरू (बारा, शिकायला वेळ लागतो, एवढंच वडिलांनी सांगितलं). आणि इतरांपैकी आवळा, तेरा वर्षांचा, आळीच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन.

बुधवार, ८ मे

सकाळी शाळा ताब्यात मिळाली. व्हरांड्याला तीन पायऱ्या आहेत. मतदानासाठी ठेवलेला प्लायवूडचा रॅम्प अजून तिथेच होता, सहा फूट लांब. जोत्याची उंची मोजली, दीड फूट. म्हणजे चार फुटांना एक फूट चढ. मी रिकामी खुर्ची ढकलून पाहिली, पुढची चाकं उचलली गेली.

एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे रॅम्पचं माप. दीड फुटाला अठरा फूट. सुतारकाकांना सांगितलं तर ते जोत्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. ‘बाई, एवढ्याशा तीन पायऱ्यांना अठरा फूट? लोक म्हणतील घाट बांधला.’ म्हटलं, ‘काका, पसरणीचा घाट सरळ उभा नेला असता तर पाचगणीची एसटी चढली असती का?’ ते हसले आणि टेप काढली. भिंतीच्या कडेने नऊ फूट, मग वळायला पाच बाय पाचचा सपाट ओटा, पुन्हा नऊ फूट. दोन्ही कडांना दोन इंचांची पट्टी, चाक घसरू नये म्हणून. पुढच्या सगळ्या दिवसांत या लाकडावर जेवढा खर्च होणार तेवढा दुसऱ्या कशावरच होणार नाही, आणि तो मला जराही खटकत नाही.

संडासाचं दार चोवीस इंच, करवंदची खुर्ची पंचवीस. एका इंचासाठी मूल साडेतीन तास पाणी पीत नाही. हे मी पाहिलंय, पाणीच नको म्हणतात, म्हणजे जावं लागणार नाही. दाराची फळी काढली, जाड पडदा लावला, आत कमोडची खुर्ची ठेवली. आत मदतीला दोन मोठी माणसं, मुलीला दोन्ही बायकाच. कुणीही एकटं कुणाही मुलाबरोबर बंद जागेत थांबणार नाही, हा नियम दारावरच लिहिला.

शुक्रवार, १० मे, अक्षय्य तृतीया

कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण. कॉलेजची अकरा मुलंमुली, दोन आया, आमची फिजिओथेरपिस्ट ताई. सण असूनही सगळी आली.

स्वागताला फुगे लावायचे म्हणून पोरांनी दोन पाकिटं आणली होती. ती बाजूला ठेवायला लावली. स्पायना बायफिडाच्या बऱ्याच मुलांना लॅटेक्सची, म्हणजे फुग्यांच्या रबराची अॅलर्जी असते, लहानपणापासूनच्या शस्त्रक्रियांमध्ये रबरी हातमोजे, नळ्या यांच्याशी सतत संबंध येतो म्हणून. कैरीच्या आईलाही हे ठाऊक नव्हतं. कैरीने फुगा फुगवला की तिचे ओठ सुजतात, एवढंच ती म्हणाली होती. कागदी पताका लावल्या.

ताईने उचलणं शिकवलं. एका मुलाला स्नायूंचा आजार आहे, ड्युशेन. त्याला काखेत हात घालून उचलायला गेलं तर खांदे वर सरकतात आणि मूल हातातून निसटतं. दोघांनी, एक हात पाठीमागे, एक मांड्यांखाली. आणि आधी त्याला विचारून. हे ‘आधी विचारून’ ताईने इतक्यांदा म्हटलं की पोरं शेवटी कोरसमध्ये म्हणायला लागली. फणसला कोलांटउडी नाही. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या मणक्यांचा जोड सैल असू शकतो, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय मानेवर भार नको. खाऊत चिवडा आणि शेंगदाणे नाहीत, चावायला-गिळायला त्रास असलेल्यांच्या घशात अडकतात. मऊ उपमा, शिरा, केळं. आणि करवंदला भरवताना त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसायचं. उभ्याने भरवलं की तो मान वर करतो आणि ठसका लागतो.

झटका आला तर काय करायचं हेही सांगितलं. फॉर्मवर तसं कुणी लिहिलेलं नाही, पण सांगितलं.

सोमवार, १३ मे

पहिला दिवस बिघडला आणि तो माझ्यामुळे बिघडला. मी स्पीकर लावू दिला. सुरुवातीलाच गाणं, शिट्टी, तीस मुलांचा कलकलाट. जांभूळ दोन्ही कानांवर हात दाबून टेबलाखाली गेली आणि दीड तास बाहेर आली नाही. तुतीला शिट्टी ऐकू येत नव्हती, त्यामुळे प्रत्येक खेळात ती सगळ्यांच्या मागून पळाली आणि प्रत्येक वेळी आउट झाली. अकरा वाजता बोराने विचारलं, ‘आज किती मुलं होती?’ त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आठ मुलं दिवसभर बघत बसली. मी मोजली.

मंगळवार, १४ मे

स्पीकर बंद. शिट्टी बंद, त्याऐवजी पिवळा झेंडा आणि डफलीवर एक थाप. सुरुवातीला गोलात प्रत्येकाने आपला बिल्ला बोराच्या हातात द्यायचा आणि नाव सांगायचं. बिल्ले पुठ्ठ्याचे आणि फळाच्या आकारात कापलेले आहेत, बोराला बोटांनी ओळखता येतात. तिसऱ्या खोलीत सतरंजी, उशा, जाड पडदे. तिला ‘शांत खोली’ म्हणायचं. शिक्षेची खोली नाही, कुणीही केव्हाही जावं. पहिल्याच दिवशी तिथे सर्वांत जास्त वेळ आवळा जाऊन पडला.

भिंतीवर दिवसाचा क्रम चित्रांत लावला. चप्पल, गोल, चेंडू, पाणी, रंग, खाऊ, घर. एक झालं की चित्र उलटं करायचं. ते काम जांभळाला दिलं. तिने दिवसभरात सातही चित्रं वेळच्या वेळी उलटी केली. खाऊला उशीर झाला तर हात धरून मला भिंतीपाशी नेलं.

बुधवार, १५ मे

आजची नोंद मोठी होणार, कारण इतक्या वर्षांत इतकं नीट मला कुणी शिकवलं नव्हतं.

टाळ्या. काल टाळ्यांनी जांभूळ दोनदा पळाली. तुतीने दाखवलं, तिच्या शाळेत टाळी वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून बोटं हलवतात. मुलांना ते फार आवडलं. तीस जणांचे साठ हात हवेत, पिंपळाची पानं हलावीत तसे. जांभूळ खुश, तुती खुश. मी मनात म्हटलं, एका उपायात दोघींचं भागलं.

मग बोराने गाणं म्हटलं. सुरेल, न चुकता. संपलं, सगळ्यांनी हात वर केले, जोरजोरात हलवले. बोर उभाच. थोडा वेळ वाट पाहिली त्याने आणि हळूच म्हणाला, ‘नाही आवडलं का?’

माझ्या पोटात कालवलं. एकीचं दार उघडताना मी दुसऱ्याचं लावलं होतं, आणि मला ते दिसलंही नाही.

उपाय मी सांगायला जाणार होते. ताईने माझा हात दाबला. मुलांना विचारलं. पहिली सूचना: बोरासाठी टाळ्या वाजवू, तेवढा वेळ जांभळाने बाहेर जावं. फणस म्हणाला, ‘ती का बाहेर?’ तो मुद्दा तिथेच संपला. दुसरी: पाय आपटू. करून पाहिलं, जांभळाला तो धमधमाट टाळ्यांहून वाईट. तिसरी: कुणीतरी बोराला ‘सगळे हात हलवतायत’ असं सांगावं. बोर म्हणाला, ‘सांगितलं म्हणजे ते सांगितलेलं झालं. टाळी नाही झाली.’ नऊ वर्षांचा मुलगा.

शेवटी कैरीने, जी फार बोलत नाही, आपली खुर्ची त्याच्याजवळ नेली आणि त्याच्या पाठीवर दहा बोटं पावसासारखी नाचवली. बोर खदाखदा हसला. ठरलं: बोराच्या दोन्ही बाजूंना जे असतील त्यांनी त्याच्या पाठीवर पाऊस पाडायचा, बाकीच्यांनी हात हलवायचे. मी त्याला विचारलं, चालेल का? ‘चालेल, पण गुदगुल्या नकोत.’

सगळ्यांना चालेल अशी एकच सोय शोधायची माझी सवय आहे. आजपासून ती सोडते. दोन मुलांच्या गरजा एकमेकींना आडव्या येतात तेव्हा त्यांना एकमेकांसमोर बसवायचं.

गुरुवार, १६ मे

लगोरी विटांऐवजी पत्र्याच्या डब्यांची, पडल्याचं बोराला ऐकू यावं म्हणून. चेंडूवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून गाठ मारली, जमिनीवरून जाताना खुसखुस आवाज येतो. घुंगरांचा चेंडू मिळेपर्यंत हे उत्तम चालतं. दर वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी. कैरीच्या कमरेखाली घाम येत नाही, तिचं अंग लवकर तापतं, म्हणून तिच्या मानेवर ओला पंचा. तो बघून सगळ्यांनाच ओले पंचे हवे झाले.

शुक्रवार, १७ मे

बोच्चा सुरू केला. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी घडवलेला खेळ आहे, १९८४पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. सहा लाल चेंडू, सहा निळे, एक पांढरा. पांढऱ्याच्या जवळ ज्याचा चेंडू, त्याचा गुण. खऱ्या चेंडूचं वजन २७५ ग्रॅमच्या आसपास असतं. आयांनी जुन्या मोज्यांत ज्वारी भरून तेरा शिवले, वाण्याच्या काट्यावर तोलून. ज्याला फेकता येत नाही तो उतरत्या पन्हाळीतून चेंडू सोडतो. आमची पन्हाळ म्हणजे उभा चिरलेला चार इंची पीव्हीसी पाइप.

या खेळातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. पन्हाळ धरणाऱ्या मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही, सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तशी पन्हाळ हलवायची.

करवंदचा मदतनीस आवळा. करवंदच्या मांडीवर पाटी, तिच्यावर पाच खुणा: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, थांब. आवळा पाठ करून बसला आणि अर्ध्या मिनिटात वळला. मी आठवण केली. पुन्हा वळला, आणि या वेळी पन्हाळ स्वतःच सरळ केली. तिसऱ्यांदा वळला तेव्हा करवंदने डोळे मिटून घेतले. काही केल्या उघडेना.

‘बाई, तो चुकत होता, चेंडू तिकडे कोपऱ्यात गेला असता,’ आवळा म्हणाला. अगदी कळकळीने. त्याला मदतच करायची होती. मी म्हटलं, ‘जाऊ दे कोपऱ्यात. चेंडू त्याचा आहे.’

पुढचे कितीतरी चेंडू कुठेही गेले. निळ्यांचे तीन चेंडू पांढऱ्याला खेटून, लालचा एकही जवळ नाही. मग करवंदने पाटीवर ‘वर’ दाखवलं, पुन्हा ‘वर’, पुन्हा ‘वर’. आवळा पाठमोरा, पन्हाळ उंच करत राहिला. मनगटाने चेंडू ढकलला, तो सुसाट गेला आणि पांढऱ्यालाच धडकला. पांढरा घरंगळत पार उजव्या कोपऱ्यात, जिथे करवंदचे मघाचे ‘चुकलेले’ दोन लाल चेंडू पडलेले होते.

क्षणभर कुणालाच कळेना. मग तुतीने खूण केली, मुद्दाम! आणि आवळा पहिल्यांदा नियमाने, डाव संपल्यावर वळला, मैदान पाहिलं आणि ओरडला, ‘हा तर डांबिस आहे!’

घरी सोडताना हे करवंदच्या आजीला सांगितलं. डांबिस हा शब्द तिने दोनदा म्हणायला लावला.

शनिवार, १८ मे

साडेनऊला रंगकाम चालू असताना पेरूला झटका आला. पडता पडता कार्यकर्त्याने सावरलं. शेजारच्या आळीतली माणसं कुंपणावरून धावत आली. एकाच्या हातात चप्पल, एकीच्या हातात फोडलेला कांदा, कुणीतरी दातांत चमचा घाला म्हणत होतं. आमच्या पोरांनी हात जोडून सगळ्यांना थांबवलं. त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी, आजूबाजूच्या बाटल्या बाजूला, घड्याळ लावलं. तोंडात काही नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेला असता तर दवाखान्यात न्यायची गाडी फाटकात उभी होती. दोन मिनिटं दहा सेकंदांत थांबला. मग तो गाढ झोपला, फणस त्याच्या शेजारी बसून राहिला.

वडील आले ते कोपऱ्यात उभे राहून रडले. झटके पाच वर्षांपासून आहेत. फॉर्मवर लिहिलं नाही, कारण मागे एका शाळेत खरं लिहिलं आणि जागा नाही असं सांगून परत पाठवलं. मग दुसरीकडे लपवलं, तिथे घेतलं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, असं लिहिलेलं आहे. मी कायद्याचं पान छापून वडिलांना दिलं, आणि गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या. रागावले नाही त्यांच्यावर. खरं बोलल्याची शिक्षा ज्याला एकदा झाली, तो पुन्हा कसं खरं लिहील?

वडिलांनी विचारलं, ‘मग सोमवारपासून नको ना आणू?’

सोमवार, २० मे

पेरू आला. वेळेआधी दहा मिनिटं.

मंगळवार, २१ मे

सहल. मुलांना कृष्णेच्या घाटावर जायचं होतं. मी काल जाऊन पायऱ्या पाहून आले. उचलून नेता येईल, पण करवंद उचलून घ्यायला तयार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. आमराईत गेलो, सपाट वाट. नदी राहिलीच. हे मला लागून राहिलंय.

शुक्रवार, २४ मे

परवा जपानमधल्या कोबेला जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत सुवर्ण मिळवलं, १६.३० मीटर, आशियाई विक्रम. बातमी वाचून दाखवली. मग शेजारच्या जिल्ह्यातलीच जुनी गोष्ट सांगितली: इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. मुलांना मात्र १६.३० मीटर म्हणजे किती तेच पाहायचं होतं. टेप घेऊन मोजलं. रॅम्पच्या टोकापासून निघालो ते थेट फाटकाजवळच्या कडुलिंबापर्यंत. बोर ते अंतर दोरीला धरून चालत गेला आणि परत आला.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम बसवायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. स्टेजवर मुलं आणि खाली डोळे पुसणारे पालक, तो प्रकार मला नको. पालकांना खेळायला बोलावलं. बोच्चा, नियम मुलांचे, पंच तुती, झेंडा तिच्या हातात.

करवंदची पन्हाळ धरायला वडील बसले. पाठ करून. पाच-सहा सेकंदांत त्यांची मान वळली. कुणी काही बोलायच्या आत आवळा पुढे आला, त्यांचे खांदे धरून हळूच सरळ केले आणि म्हणाला, ‘काका, बघायचं नाही.’

वडील पूर्ण डाव भिंतीकडे तोंड करून बसले. लाल टीम हरली. करवंद चिडला होता, जाताना कुणाशी बोलला नाही.

बुधवार, २९ मे

सामान न्यायला संध्याकाळी शाळेत गेले. रॅम्प पावसाळ्यात टिकणार नाही, प्लायवूड फुगेल. मुख्याध्यापकांनी गवंड्याला बोलावलं होतं, शाळा १५ जूनला उघडायच्या आत दगडी करायचा. गवंडी म्हणाला, बारा फुटांत बसवतो. मी सुतारकाकांना फोन लावून त्याच्या हातात दिला. अठरा ठरले.

व्हरांड्यात पाच-सहा पोरं खेळत होती. आजीने करवंदला आणलं होतं. मला पाहून कुणी थांबलं नाही, मीही गेले नाही मध्ये. चेंडू मोजले, बारा होते. पांढरा कुठे म्हणून विचारलं तर आवळ्याने पाठमोऱ्यानेच बोट दाखवलं. पायरीपाशी पडला होता, शिवण उसवून ज्वारी सांडत होती. ते खडू घेऊन एका डबीचं झाकण पांढरं करून खेळत होते. चेंडू शिवायला घरी आणला आहे.